सातासमुद्रापलीकडची वर्दी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी मला चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी प्रथम नकोच म्हटले होते. मी काही विदुषी नव्हे. सातवी पास झाले आणि शाळा सुटली. त्यानंतर व्यासपीठावर उभी राहिले ती हळदीकुंकवाच्या उखाण्यापुरतीच. परंतु चिटणीसबाई म्हणाल्या, "पहाटे साडेचारला उठून तुम्ही मोबाईलवर काय ऐकत बसता, तेवढेच सांगा. आळीत सगळ्यांना त्याचे कुतूहल आहे." काही जणींना वाटते मी काकडआरती ऐकते. एका शेजारणीला वाटले होते की मी इंग्रजीची शिकवणी लावली आहे. तेव्हा गैरसमज दूर करावा म्हणून आज उभी राहिले आहे.

भगिनींनो, मी हवामानाचा रेडिओ ऐकते. तोही आपल्या श्रीवर्धनचा नव्हे, तर अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याचा.

त्याचे असे झाले. तीन वर्षांपूर्वी थोरल्या लेकीचे लग्न झाले आणि जावईबापूंच्या नोकरीमुळे ती दोघे ओक्लाहोमा सिटी ह्या गावी राहायला गेली. गाव चांगले, माणसे चांगली, पण तिथे एक भारी संकट आहे. त्याला ते लोक टॉर्नेडो म्हणतात. आपण उन्हाळ्यात रस्त्यावर धूळ आणि पाने गरगर फिरताना पाहतो, त्याला वावटळ म्हणतो. टॉर्नेडो म्हणजे काळ्या ढगातून जमिनीपर्यंत उतरलेली, घरे उचलून टाकणारी राक्षसी वावटळच. त्या गावाला लागूनच मूर नावाचे गाव आहे. तिथे १९९९ सालच्या ३ मे रोजी आणि पुन्हा २०१३ सालच्या २० मे रोजी असे भयंकर टॉर्नेडो आले. दुसऱ्या खेपेला २४ माणसे गेली, त्यांत शाळेतली मुलेही होती. हे लेक तिथे गेल्यावर मला कळले. आधी कळते तर लग्नाच्या बोलण्यांत मी हवामानाचीही चौकशी केली असती!

आपण कोकणातल्या बायका. वादळ म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. २०२० सालच्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आपल्याच किनाऱ्यावर आले. वारा ताशी १०० किलोमीटरहून अधिक होता. आमच्या वाडीतल्या सुपाऱ्या काड्यांसारख्या मोडल्या. ज्या रोठा सुपारीने श्रीवर्धनचे नाव झाले, तिच्या बागा एका दुपारीत आडव्या झाल्या. नवे रोप लावले तर फळ धरायला पाच-सात वर्षे जातात, हे आपण जाणताच. तेव्हापासून वारा जरा मोठ्याने वाहू लागला की माझा हात आपोआप दाराच्या कडीकडे जातो. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून प्यावे लागते. त्यात लेक सातासमुद्रापलीकडे, अशा वाऱ्याच्या मुलखात. माझ्या जिवाला चैन पडेना.

माझी ती दशा पाहून धाकट्याने एक दिवस मोबाईल माझ्या हाती दिला. म्हणाला, "आई, ऐक. हा ताईच्या गावचा हवामानाचा रेडिओ."

आता हा रेडिओ काय आहे ते सांगते. तो आपल्या आकाशवाणीसारखा नाही. त्यावर गाणी नाहीत, बातम्या नाहीत, जाहिराती नाहीत. रात्रंदिवस फक्त हवामान. तिकडच्या सरकारचे हवामान खाते तो चालवते आणि साऱ्या देशात त्याची १००० हून अधिक प्रक्षेपण केंद्रे आहेत. एका केंद्राचा आवाज साधारण साठ-पासष्ट किलोमीटरपर्यंत पोहोचतो, आणि तो साध्या रेडिओवर लागत नाही. त्यासाठी निराळा लहानसा संच घ्यावा लागतो. बोलणारा माणूसही खरा नसतो. हवामान कचेरीत लिहिलेला मजकूर यंत्रच वाचून दाखवते. त्यामुळे आवाजात राग नाही, लोभ नाही, घाई नाही. उद्या ऊन पडेल हे ज्या सुरात सांगतो, त्याच सुरात घराबाहेर पडू नका असेही सांगतो. आपल्याकडे एवढ्या शांतपणे फक्त सासूबाईच बोलतात, आणि त्याही रागावल्या म्हणजेच!

मग तिथला आवाज इथे कसा येतो? तिकडे काही हौशी माणसे आहेत. ती आपल्या घरातला हा संच संगणकाला जोडून ठेवतात, आणि संगणक तो आवाज इंटरनेटवरून जगभर पाठवतो. त्याचे ते पैसे घेत नाहीत. एखाद्याने आपल्या विहिरीचे पाणी वाटेवरच्या लोकांसाठी पाटाने सोडावे, तशातला हा प्रकार.

प्रथम मला काहीच कळेना. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. तीन वर्षांची ती शिदोरी, तीही पंचवीस-तीस वर्षे डब्यात बंद राहिलेली. पण एक बरे होते. तो रेडिओ तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा बोलतो. मी किराण्याच्या वहीच्या मागच्या पानावर शब्द उतरवू लागले. विंड म्हणजे वारा, साऊथ म्हणजे दक्षिण, क्लाउडी म्हणजे ढगाळ. उष्णता ते फॅरनहाइटमध्ये सांगतात. पहिल्या दिवशी ९५ ऐकून माझ्या पोटात गोळा आला. धाकट्याने हिशेब शिकवला. ३२ वजा करायचे, उरले त्याला पाचाने गुणायचे आणि नवाने भागायचे. ९५ चे ३५ झाले. म्हटले, एवढी उष्णता तर आपल्याकडेही असते. सातवीतले गणित चाळिशीनंतर कामास आले.

ह्या ऐकण्यातून मला एक मोठी गोष्ट कळली. तिथे इशारे दोन प्रकारचे असतात. एक 'वॉच', आणि दुसरा 'वॉर्निंग'. वॉच म्हणजे आज टॉर्नेडो होण्याजोगी हवा आहे, सावध राहा. वॉर्निंग म्हणजे तो कोणी डोळ्यांनी पाहिला आहे किंवा रडारवर दिसला आहे, ताबडतोब आसरा घ्या. वॉच म्हणजे दूध तापत ठेवले आहे, लक्ष असू द्या. आणि वॉर्निंग म्हणजे दूध वर आले, धावा! मी हे असेच लक्षात ठेवले आहे.

आणखी एक फरक. आपले चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरलेले असते आणि समुद्रावरून येताना दोन-चार दिवस आधी दिसते. निसर्गच्या वेळी आपल्याला घरे बांधून-आवळून घ्यायला, किनाऱ्यावरच्या लोकांना हलवायला वेळ मिळाला. टॉर्नेडो तसा नाही. तो बहुतेक वेळा काहीशे मीटर रुंदीचा, आणि हाती मिळणारी मिनिटे कित्येकदा दहा-बाराच. म्हणून तिथे घरोघर पोहोचणारी वर्दी लागते. १९७४ सालच्या ३ आणि ४ एप्रिलला, अवघ्या चोवीस तासांत, तिथे १४८ टॉर्नेडो झाले आणि ३०० हून अधिक माणसे दगावली. त्यानंतर तिकडच्या सरकारने ह्या हवामान-रेडिओची केंद्रे झपाट्याने वाढवली.

वॉर्निंग निघाली की रेडिओ आधी तीन वेळा घर्र घर्र असा आवाज करतो. मग एक लांब शिट्टी वाजते. त्या आवाजाने बंद ठेवलेला संचही आपोआप जागा होतो, आणि झोपलेली माणसे उठतात. हे यंत्र ठीक आहे ना हे पाहण्यासाठी दर आठवड्याला, बहुधा बुधवारी दुपारी, ती शिट्टी मुद्दाम वाजवतात. तेव्हा आपल्याकडे रात्रीचे दहा-साडेदहा झालेले असतात. मला हे ठाऊक नव्हते. एका बुधवारी रात्री मी ताकाचे भांडे झाकत असताना ती शिट्टी वाजली. भांडे हातातून सुटले, ताक सगळ्या स्वयंपाकघरात, आणि मी रडत धाकट्याला हाका मारते आहे! तो आला, ऐकले, आणि म्हणाला, "आई, परीक्षा चालली आहे."

"कसली परीक्षा?"

"शिट्टीची. आणि तुझीही."

ह्या छंदाचे आणखीही प्रताप झाले. एकदा मे महिन्यात अंगणात आमसुले आणि फणसाच्या पोळ्या वाळत घातल्या होत्या. मी आत बसून ओक्लाहोमाच्या पावसाचा अंदाज वहीत उतरवीत होते. तेवढ्यात इथे वळवाची सर आली आणि सगळे वाळवण भिजले. सासूबाई ओटीवरून म्हणाल्या, "तिथल्या आभाळाला कान लावलास, आणि डोक्यावरचे आभाळ कोणी बघायचे?" तेव्हा मला राग आला होता. त्या बोलण्यात किती अर्थ होता ते पुढे कळले. तेच सांगण्यासाठी मी आज उभी आहे.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. पहाटेचे पाच वाजत आले होते. तिथे आदल्या दिवसाची संध्याकाळ, साडेसहाचा सुमार. टॉर्नेडो बहुधा ह्याच वेळी, दिवसभराची उष्णता साठल्यावर होतात. वॉच तर दुपारपासूनच होता. मी चहाचे आधण ठेवले होते. एवढ्यात ती घर्र घर्र झाली आणि शिट्टी वाजली. त्या दिवशी बुधवार नव्हता. त्या थंड आवाजाने लेकीच्या जिल्ह्याचे नाव घेतले, आणि पुढे दोन शब्द आले, 'टेक कव्हर'. ते माझ्या वहीत लिहिलेले होते. आसरा घ्या.

मी लेकीला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा उचलला नाही. पाच वेळा लावला, भगिनींनो. सहाव्या खेपेला तिने उचलला. म्हणाली, "आई, आम्ही सुखरूप आहोत, ठेव आता," आणि फोन बंद झाला. पुढची वीस-पंचवीस मिनिटे मी देवासमोर बसून होते. चहाचे आधण आटून पातेले करपले. मग तिचा निरोप आला. टॉर्नेडो दुसऱ्या बाजूने निघून गेला होता. मी देवापुढे साखर ठेवली, आणि मनात म्हटले, पाहा, माझ्या जागे राहण्याचे सार्थक झाले.

दोन दिवसांनी लेक निवांत बोलली. ती म्हणाली, "आई, रागावू नकोस, पण एक सांगते. भोंगा वाजताच मी बाळाला घेऊन कपड्यांच्या कोठीत जाऊन बसले होते. घराच्या मधोमध ती एकच बिनखिडकीची जागा आहे. फोन बाहेर ओट्यावर राहिला होता. तो वाजतच राहिला. हे अजून कामावरून यायचे होते. मला वाटले त्यांना काही झाले. म्हणून बाळाला कोठीत ठेवून मी फोन घ्यायला बाहेर आले. खिडकीपाशी आले, आई."

ह्यावर मी काय बोलणार? जिच्या रक्षणासाठी मी पहाटे उठत होते, तिला मीच आसऱ्यातून बाहेर काढले होते. काही झाले नाही ही देवाची कृपा. पण होऊ शकले असते.

त्या दिवशी मी खूप रडले. मग विचार करू लागले. मी ऐकत होते ते कोणासाठी? लेकीसाठी, असे मी समजत होते. खरे तर ते माझ्या जिवाच्या समाधानासाठी होते. आईच्या काळजीला दोष कोण देईल? पण काळजी निराळी आणि वर्दी निराळी. वर्दी ज्याच्या डोक्यावर ढग आहे त्याच्या कानी पडली पाहिजे. ती तेरा-चौदा हजार किलोमीटरवर माझ्या स्वयंपाकघरात वाजून उपयोग नाही.

मी उकडीचे मोदक करून पर्यटकांना देते, त्यातले थोडे पैसे बाजूला पडले होते. ते जावईबापूंना पाठवले आणि सांगितले की तो हवामानाचा खरा संच घरात आणा, वीज गेली तरी सेलवर चालणारा. त्यांनी आणला. त्यात आपल्या जिल्ह्याचा आकडा भरून ठेवता येतो, म्हणजे भलत्याच गावच्या इशाऱ्याला तो ओरडत नाही.

मग एका बुधवारी आम्ही गंमत केली. धाकट्याच्या फोनवर लेक, तिच्याजवळ तिचा संच, आणि इकडे माझ्या मोबाईलवर तोच रेडिओ इंटरनेटवरून. तिच्याकडे शिट्टी वाजली. माझ्याकडे तो आवाज अजून कालच्या तापमानाचे पुराण सांगत होता. तिची शिट्टी थांबली, पुढचे बोलणे सुरू झाले, आणि मग कुठे माझ्याकडे घर्र घर्र झाली. जवळजवळ एक मिनिट मागे! धाकट्याने समजावले की इंटरनेटवरून येणारा आवाज वाटेत थोडा थोडा साठवून मग पुढे सोडतात, म्हणून तो मागे पडतो. कधी काही सेकंद, कधी जास्त. आणि ज्या हौशी माणसाच्या घरून तो येतो, त्याच्याकडचीच वीज गेली तर सगळेच बंद. म्हणजे संकट जितके जवळ, तितका तो आवाज तुटण्याचा संभव अधिक. जिथे एकेक मिनिट मोलाचे, तिथे असल्या वर्दीवर जीव टांगून चालत नाही. ऐकायला तो छान आहे, राखणीला नाही.

ह्याच संदर्भात वाचून घेतलेली एक हकीगत सांगते. १९९४ सालच्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, एका खेड्यातल्या चर्चमध्ये, रविवारी माणसे जमली होती. मुले नाटुकले सादर करीत होती. टॉर्नेडोने ते चर्च पाडले आणि २० माणसे दगावली. इशारा काही मिनिटे आधी निघाला होता. पण त्या चर्चमध्ये तो ऐकणारा रेडिओ नव्हता. भगिनींनो, इशारा निघणे आणि इशारा पोहोचणे ह्यांत एवढे अंतर असते.

आता आपल्याकडे वळते. आपल्या देशाचे हवामान खाते १८७५ सालचे आहे. १९२८ साली त्याची मुख्य कचेरी सिमल्याहून पुण्याला आली, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात. आज हे खाते हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल अशा रंगांत इशारे देते. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. विजेसाठी पुण्याच्याच शास्त्रज्ञांनी तयार केलेले 'दामिनी' मोबाईलवर घेता येते. आकाशवाणीची बरीच केंद्रेही आता मोबाईलवर लागतात. एवढे असताना आपल्या आळीतली किती घरे इशाऱ्याच्या दिवशी खरोखर ऐकत असतात?

निसर्गची दुपार आठवा. वीज गेली, मोबाईल मुके झाले. आमच्या घरात त्या दिवसांत बाहेरच्या जगाचा एकच आवाज होता, सासूबाईंचा जुना ट्रान्झिस्टर. त्याला मी कित्येकदा अडगळ म्हटले होते. त्याच्या दोन सेलवर आळीतली पाच घरे बातम्या ऐकत होती. आणि आळीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या एक आजी, ज्यांना ऐकू कमी येते, त्यांना वादळ येणार हे वारा सुटल्यावरच कळले. आम्ही सगळ्या आपापली कौले आणि पत्रे सांभाळण्यात गुंतलो होतो. शेजारच्या मुलाला त्यांची आठवण झाली म्हणून त्यांना उचलून आणले. नाहीतर काय झाले असते ह्याचा विचारही नको वाटतो. सातासमुद्रापलीकडच्या लेकीसाठी पहाटे उठणारी मी, शंभर पावलांवरच्या आजींचे दार मात्र मी ठोठावले नव्हते. हे आज सर्वांसमोर कबूल करते.

म्हणून आपल्या मंडळापुढे माझी नम्र सूचना आहे. वर्गणी वाढवायला नको, कमिटी नको. प्रत्येक आळीत दोन जणींनी एवढे काम घ्यावे. पावसाळ्यापूर्वी आणि पुन्हा दिवाळीपूर्वी, म्हणजे वादळांच्या दोन्ही हंगामांआधी, एक चालू ट्रान्झिस्टर आणि नवे सेल घरात आहेत ना हे पाहावे. आळीत एकटे कोण, म्हातारे कोण, कमी ऐकू येणारे कोण, बाळंतीण कोण, ह्याची यादी वहीत ठेवावी. नारिंगी किंवा लाल इशारा आला की त्या घरांत स्वतः जाऊन सांगावे. फोन करून नव्हे, दार ठोठावून. आणि मोबाईलवर फिरणाऱ्या भलत्यासलत्या अफवा पुढे न ढकलता हवामान खात्याचे किंवा तहसील कचेरीचे सांगणे असेल तेवढेच बोलावे. आमच्या आळीचे काम मी आजच घेते. दुसरे नाव सासूबाईंनी स्वतःचे दिले आहे. ट्रान्झिस्टर त्यांचाच आहे, त्यामुळे नाही म्हणायची माझी टाप नाही!

आता तुम्ही विचाराल, मग तो ओक्लाहोमाचा रेडिओ बंद केलात का? नाही केला. अजूनही पहाटे ऐकते. तिथला दक्षिणेचा वारा, तिथले ढग, तिथले ऊन. त्या यंत्राच्या बोलण्यात मला लेकीच्या अंगणाची चाहूल लागते. फक्त आता शिट्टी वाजली तरी मी फोन लावत नाही. आमचा करार झाला आहे. ढग गेला की तिने एकच शब्द पाठवायचा, 'ठीक'. तोवर मी समईची वात पुढे सारते आणि वाट पाहते. ती दहा-पंधरा मिनिटे फार लांब असतात. पण तेवढ्या वेळात ती बाळाला पोटाशी धरून कोठीत बसलेली असते, आणि तिने तिथेच बसावे हे महत्त्वाचे.